इंग्लंडमधली जीपी सर्जरी: रेफरल कसं मिळवायचं आणि तिथं डॉक्टर सोडून अजून काय काय मिळतं

नवऱ्याचा गुडघा सुजला तेव्हा आम्हाला रेडिंगला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. नाशिकहून सासूबाईंचा फोन, अरे हाडाच्या डॉक्टरला दाखव, एमआरआय काढून टाक, दोन दिवसांत कळेल काय ते. आणि नाशिकला खरंच दोन दिवसांत झालं असतं, सोसायटीत कुणीतरी नंबर दिला असता, संध्याकाळी सातला जाऊन क्लिनिकमधे बसलो असतो, समोरच्याच सेंटरला एमआरआय. इथे हॉस्पिटलला फोन लावला तर पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकच विचारलं, जीपीचं रेफरल आहे का? जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आणि रेफरल म्हणजे स्पेशालिस्टकडे पाठवणारं त्याचं पत्र. ते नाही म्हटल्यावर बोलणं संपलं.

तेव्हापासून आठ वर्षं झाली, आता ऑफिसमधल्या नव्या मुलांना मीच समजावून सांगत असते, तर म्हटलं एकदाच लिहून काढावं. आधी एक गोष्ट, सर्जरी म्हणजे ऑपरेशन नव्हे, इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. मी पहिल्यांदा "सर्जरीला जाऊन आले" म्हटलं तेव्हा आईने तिकडे रडायचंच बाकी ठेवलं होतं. आणि हे सगळं इंग्लंडचं लिहितेय, स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम बरेच वेगळे आहेत.

आधी नाव नोंदवा, आजारी पडायच्या आधी

ताप भरल्यावर सर्जरी शोधू नका. घर मिळालं की पहिल्याच आठवड्यात एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवर पोस्टकोड टाकायचा, जवळच्या सर्जऱ्या दिसतात, बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच रजिस्टर होता येतं. पासपोर्ट, व्हिसा, घराचं ॲग्रीमेंट यातलं काहीही दाखवणं सक्तीचं नाही. मागतात, असेल तर द्या, पण "पत्त्याचा पुरावा नाही म्हणून घेत नाही" असं कुणी म्हटलं तर ते नियमाला धरून नाही. रजिस्टर झालात की दहा आकडी एनएचएस नंबर मिळतो, आणि फोनवर एनएचएस ॲप टाकून घ्या, टेस्टचे रिपोर्ट, नेहमीच्या गोळ्यांची ऑर्डर, रेफरलची स्थिती बहुतेक सगळं तिथेच दिसतं.

लांब मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांनी वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज आधीच भरलेला असतो, विद्यार्थी आणि मुलांचे ७७६. त्यामुळे फुकट घेतोय असं वाटून कानकोंडं व्हायची काही गरज नाही.

भारतातले कागद बरोबर आणा. डिस्चार्ज समरी, जुने रिपोर्ट, मुलांचं लसीकरणाचं कार्ड. गोळ्यांची ब्रँडची नावं सांगून इथे काही कळत नाही, डोलो म्हटलं तर बघतच राहतात, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या. आपल्याकडे बीपीच्या एका गोळीत दोन औषधं असतात ना, ती इथे बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोळ्या करून देतात. त्याचा खिशावर काय परिणाम होतो ते पुढे सांगते.

रिसेप्शनवर काय बोलायचं

खरा दरवाजा डॉक्टरच्या केबिनचा नाही, रिसेप्शनचा आहे हे मला उशिरा कळलं. फोनवरची मुलगी विचारते काय होतंय, आणि आपल्याला राग येतो, हिला कशाला सांगू, ही काय डॉक्टर आहे? पण तिला ते विचारायचं ट्रेनिंग दिलेलं असतं, कारण तुम्हाला कुणाकडे पाठवायचं ते त्यावरून ठरतं. नाजूक गोष्ट असेल तर "पर्सनल आहे, बाई डॉक्टर हवी" एवढं म्हटलं तरी चालतं.

सकाळी आठला फोन लावायची जी मारामारी असते तिच्यात सगळ्यांनीच उतरायला पाहिजे असं नाही. तातडीचं नसेल तर सर्जरीच्या वेबसाइटवरचा ऑनलाइन फॉर्म भरा, ऑक्टोबर २०२५ पासून तो सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसहा असा पूर्णवेळ चालू ठेवायचा असा नियम आहे. फॉर्ममधे कहाणी लिहू नका, कधीपासून, कुठे, काय केल्यावर वाढतं, काय करता येत नाहीये, काय औषध घेऊन पाहिलं, बस. "गुडघा दुखतो" यापेक्षा "तीन आठवडे झाले, जिना उतरता येत नाही, रात्री झोपमोड होते, ऑफिसला चालत जायचं बंद केलंय" यावर निर्णय पटकन होतो.

अजून एक, नोकरीवाल्यांसाठी. आजूबाजूच्या सर्जऱ्या मिळून एक गट असतो, त्या गटातून संध्याकाळी साडेसहा ते आठ आणि शनिवारी ९ ते ५ अपॉइंटमेंट असतात. त्या तुमच्याच इमारतीत असतील असं नाही, आणि विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही, म्हणून विचारा.

रेफरल मिळवताना

अपॉइंटमेंट दहाएक मिनिटांची असते. आपल्याला सवय की आलोच आहोत तर गुडघा, ॲसिडिटी आणि केस गळणं सगळं एकदम सांगून टाकू. इथे तसं केलं की तिन्ही अर्धवट राहतात. दोन विषय असतील तर बुक करतानाच डबल अपॉइंटमेंट मागा.

डॉक्टर लगेच स्पेशालिस्टकडे पाठवतीलच असं नाही. आधी ब्लड टेस्ट, एक्स-रे, सहा आठवडे व्यायाम. नवऱ्याला असंच परत पाठवलं तेव्हा आम्ही खूप चिडलो होतो, पण खरं सांगू, त्या व्यायामाने सूज निम्मी उतरली होती. कधी जीपी स्वतः कन्सल्टंटला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या स्पेशालिस्टला, लेखी सल्ला विचारतात आणि तिकडून उत्तर येतं की अमुक करा, इकडे पाठवायची गरज नाही. ही टाळाटाळ नसते, तुमची काही महिन्यांची रांग वाचते.

पण बरं वाटत नसेल तर परत जायचं, गप्प बसायचं नाही. इथे गप्प बसणाऱ्याला बरं झालेला समजतात! २०२५ च्या सप्टेंबरमधे जेसचा नियम म्हणून एक गोष्ट आली, जेसिका ब्रेडी या २७ वर्षांच्या मुलीने वीसपेक्षा जास्त वेळा सर्जरीशी संपर्क केला होता आणि कॅन्सर कळला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर जीपींना सांगितलंय की त्याच तक्रारीसाठी पेशंट तिसऱ्यांदा आला आणि निदान लागत नसेल, तर पहिल्यापासून नव्याने विचार करा, समोरासमोर तपासा, दुसऱ्या सहकाऱ्याचं मत घ्या. तिसऱ्या खेपेला हे नाव घेतलं तरी चालेल.

रेफरल होतंय म्हटल्यावर उठायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या. कुठल्या विभागाला जातंय, साधं आहे की अर्जंट, हॉस्पिटल मी निवडू शकते का, आणि किती दिवसांत काही कळलं नाही तर मी कुणाला फोन करू.

यातला तिसरा प्रश्न आपली माणसं विचारतच नाहीत. इंग्लंडमधे पहिल्या स्पेशालिस्ट अपॉइंटमेंटसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क पेशंटला असतो, मानसिक आरोग्याच्या रेफरललाही, आणि त्यात एनएचएसशी करार असलेली खाजगी हॉस्पिटलंही येतात, तिथे गेलात तरी तुम्हाला एक पैसा पडत नाही. इमर्जन्सी, बाळंतपण आणि कॅन्सरच्या अर्जंट रेफरलला हा हक्क लागू नाही. माय प्लॅन्ड केअर नावाच्या वेबसाइटवर कुठल्या हॉस्पिटलात कुठल्या विभागाची रांग किती ते दिसतं, ते आधी बघून जा. शेजारच्या गावात ट्रेनने अर्धा तास जाऊन दोन महिने वाचत असतील तर मी तरी ट्रेन पकडेन.

रेफरल गेल्यावर

लोक नेमके इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

रेफरल गेलं की पत्र किंवा मेसेज येतो, त्यात एक बुकिंग रेफरन्स नंबर आणि ॲक्सेस कोड असतो. तो टाकून ऑनलाइन किंवा एनएचएस ॲपमधून तारीख तुम्ही स्वतःच घ्यायची असते. पत्र आलं, ड्रॉवरमधे ठेवलं, आता ते बोलावतील, असं करून आमच्या ओळखीतल्या एकाने अडीच महिने घालवले. तारीखच दिसत नसेल तर रेफरल हॉस्पिटलकडे ढकललं जातं आणि ते संपर्क करतात, ते वेगळं.

आमची गंमत अजून वेगळी. गुडघ्याचं रेफरल डॉक्टरांनी केलं म्हणून आम्ही निवांत, सहा आठवडे काहीच नाही, शेवटी मी रिसेप्शनला विचारलं तर कळलं की पत्र लिहून झालं होतं पण पुढे पाठवायचंच राहिलं होतं. त्या मुलीने माफी मागितली आणि दुपारी पाठवलं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, पण सहा आठवडे गेले ते गेले. तेव्हापासून माझा नियम, दोन आठवड्यांत ॲपमधे किंवा पोस्टाने काही दिसलं नाही की सर्जरीला एकच प्रश्न, "रेफरल कुठल्या तारखेला गेलं?" तारीख डायरीत लिहायची.

कायद्याने तातडीच्या नसलेल्या उपचाराची सुरुवात रेफरलपासून १८ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. १०० पैकी ९२ जणांच्या बाबतीत हे जमावं असं एनएचएसचं उद्दिष्ट आहे आणि दहाएक वर्षांत ते देशपातळीवर गाठलं गेलेलं नाही, त्यामुळे १८ आठवडे म्हणजे दगडावरची रेघ समजू नका. पण १८ उलटले की दुसरीकडे लवकर होईल का असं हॉस्पिटलला विचारायचा हक्क तुम्हाला असतो. मधल्या काळात त्रास वाढला तर हॉस्पिटलला आपोआप कळत नाही, जीपीला सांगून रेफरल अर्जंट करायला सांगावं लागतं.

मोबाइल नंबर किंवा घर बदललं तर सर्जरीला आणि हॉस्पिटलला, दोन्हीकडे कळवा. अपॉइंटमेंट न सांगता चुकवली तर बऱ्याचदा नाव काढून परत जीपीकडे पाठवतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. भारतात जाणार असाल तर तारखा आधी सांगून ठेवा.

कॅन्सरच्या संशयाचं रेफरल वेगळ्या मार्गाने आणि खूप वेगाने जातं. तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, शौचातून रक्त, नवी गाठ, कारण नसताना घटलेलं वजन, असलं काही असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. २८ दिवसांत कॅन्सर आहे किंवा नाही हे कळावं असं उद्दिष्ट आहे. पत्रावर तो शब्द वाचून हातपाय गळतात, माझेही गळले होते, पण अशा रेफरलवर गेलेल्या १० पैकी ९ पेक्षा जास्त लोकांना कॅन्सर निघत नाही. जायचं मात्र नक्की, भारतात जाऊन दाखवू म्हणून पुढे ढकलायचं नाही.

जिथे रेफरल लागतच नाही

बऱ्याच भागांत कंबरदुखी, गुडघेदुखीला फिजिओकडे स्वतःच ऑनलाइन नाव देता येतं. पुष्कळ सर्जऱ्यांत तर फिजिओच येऊन बसतात आणि डॉक्टरला न भेटता त्यांची अपॉइंटमेंट मिळते. आम्हाला हे माहीत असतं तर पहिला महिना वाचला असता. कानाचं मशीन, पायाचे डॉक्टर, यांच्याकडेही काही भागांत थेट जाता येतं. प्रेग्नन्सी कळली की मिडवाइफकडे थेट नाव द्यायचं, दहा आठवड्यांच्या आत पहिली भेट व्हायला हवी. डोळ्यांसाठी आधी ऑप्टिशियन, गरज वाटली तर तेच हॉस्पिटलला पाठवतात. दातांचा आणि सर्जरीचा काही संबंध नाही, ते दुःख वेगळं.

मन लागत नाही, झोप उडालीये, छातीत धडधडतं, सारखी काळजी, यासाठी एनएचएस टॉकिंग थेरपीज आहे. स्वतः ऑनलाइन फॉर्म भरायचा, जीपी लागत नाही, व्हिसावर किंवा नोकरीवर परिणाम होत नाही. आपल्याकडची मंडळी यात फार मागे राहतात, नवीन आलेल्या बायका तर फारच, नवरा ऑफिसला, डिसेंबरात चारला अंधार, बोलायला माणूस नाही. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर दुभाषी मागता येतो. पण जिवाला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर फॉर्म भरत बसू नका, एनएचएसचा मदत क्रमांक १११ लावा आणि मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा, जीव धोक्यात असेल तर इमर्जन्सीचा ९९९.

आणि कोपऱ्यावरची फार्मसी. जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट म्हणून योजना आहे, सात आजारांत फार्मासिस्टच तपासून गरज असेल तर अँटिबायोटिकसकट औषध देतात. सायनस, घसा, मुलांचा कान, चावलेल्या किड्याची चिघळलेली जागा, इम्पेटायगो म्हणजे मुलांच्या तोंडाभोवती येणारे ते फोड, नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांचं साधं युरिन इन्फेक्शन. चाळिशीच्या पुढच्यांचं बीपीही फुकट मोजतात.

सर्जरीच्या आत अजून कोण कोण असतं

क्लिनिकल फार्मासिस्ट गोळ्यांचा आढावा घेतात, भारतातल्या गोळ्या इथल्या गोळ्यांशी जुळवायला डॉक्टरपेक्षा यांच्याकडे जास्त वेळ असतो. नर्स लसी, ड्रेसिंग, स्मिअर टेस्ट (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी), दमा आणि डायबेटिसची वार्षिक तपासणी करते. कुठे कुठे कॉपर टी बसवणं, सांध्यात इंजेक्शन, लहानसहान गाठी काढणंही तिथेच होतं.

मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर. नाव अवघड, काम साधं, औषधाने न सुटणाऱ्या गोष्टींसाठी. आमच्या ओळखीतल्या एक काकू मुलाकडे कायमच्या राहायला आल्या, दर पंधरा दिवसांनी डोकं दुखतं म्हणून सर्जरीत, सगळे रिपोर्ट नॉर्मल. लिंक वर्करने तासभर बोलून घेतलं, त्यांना मंगळवारच्या चालण्याच्या ग्रुपमधे आणि लायब्ररीतल्या विणकामाच्या गटात घातलं. डोकेदुखी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, पण आता मंगळवारी काकू फोन उचलत नाहीत.

४० ते ७४ वयात, आधीपासून डायबेटिस किंवा हृदयविकार वगैरे नसेल, तर दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक फुकट असतो. बोलावणं आलं नाही तर मागून घ्या, आपल्या लोकांनी तर नक्कीच, कारण दक्षिण आशियाई माणसाचा धोका कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघ २५ ऐवजी २३ धरतात. रिपोर्ट हातात आल्यावर आकडे बघून घाबरू नका, एकक वेगळं असतं. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, इथे टक्क्यांत नाही, आपले ६ टक्के म्हणजे इथले ४२, साडेसहा म्हणजे ४८. ४२ ते ४७ म्हणजे काठावर, अशांना नऊ महिन्यांच्या डायबेटिस टाळायच्या कार्यक्रमाला पाठवतात, मागितलं तर नक्की. साखर आपल्या आकड्यात हवी तर इथल्या आकड्याला १८ ने गुणा, म्हणजे ७ आली तर १२६.

पैशाचं गणित

डॉक्टर फुकट, औषध फुकट नाही. प्रत्येक औषधाला ९.९० पौंड. म्हणून मघाशी म्हटलं ती एका गोळीच्या दोन झाल्या की १९.८०. वर्षाला अकराच्या वर औषधं लागत असतील तर ११४.५० पौंडांचं वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढा, मग प्रत्येक औषधाचे वेगळे पैसे नाहीत, हप्त्यानेही भरता येतं. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू असेल, तर सर्जरीतून फॉर्म भरून सूट मिळते आणि ती सगळ्याच औषधांना लागू होते. प्रेग्नन्सीत आणि बाळ वर्षाचं होईपर्यंतही सर्टिफिकेट मिळतं. साठ पूर्ण झाली की औषधाचे पैसेच नाहीत. सर्टिफिकेट हातात नसताना फार्मसीत सूट आहे म्हणून टिक केलं तर दंडाचं पत्र येतं, हे लक्षात ठेवा.

आजारपणाच्या रजेला पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, त्यासाठी सर्जरीला फोन करू नका. आठव्या दिवसापासून फिट नोट, ती फुकट. इन्शुरन्सचे फॉर्म, खाजगी पत्रं वगैरेंना मात्र सर्जरी पैसे लावते, आधी दर विचारा.

आईबाबा फिरायला आले तर

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही जीपीला दाखवता येतं, तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर टेम्पररी पेशंट म्हणून नोंद होते, तपासणीचे पैसे नाहीत. हॉस्पिटलचं वेगळं. ए अँड ई म्हणजे इमर्जन्सी विभागात तपासेपर्यंत फुकट, ॲडमिट केलं की मीटर सुरू, आणि तो एनएचएसच्या दराच्या दीडपट. ५०० पौंडांच्या वर बाकी राहिली तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतानाच जुनं बीपी, शुगर, स्टेंट सगळं खरं सांगा, तिथे लपवाछपवी केली की क्लेमच्या वेळी हात वर करतात.

त्यांच्यासाठी दुभाषी हवा तर बुक करतानाच "मराठी इंटरप्रिटर" म्हणा, पैसे लागत नाहीत, बहुतेक फोनवर असतो. हिंदी चालेल का विचारतील, चालत नसेल तर नाही म्हणा. मुलाने किंवा सुनेने भाषांतर केलं की बरंचसं गाळलं जातं, सासूबाईंनी लघवीचा त्रास माझ्या नवऱ्यासमोर शेवटपर्यंत सांगितला नव्हता, फोनवरच्या अनोळखी बाईला दोन मिनिटांत सांगितला.

काही बिनसलं तर

सर्जरीबद्दल तक्रार असेल तर आधी प्रॅक्टिस मॅनेजरला ईमेल, तारखा घालून, शांत भाषेत. तिथे बोलायचं नसेल तर आयसीबीकडे, म्हणजे भागातल्या एनएचएसचा कारभार बघणाऱ्या मंडळाकडे. हॉस्पिटलचं काही असेल तर तिथल्या पॅल्स नावाच्या डेस्ककडे, रेफरल कुठे अडकलंय ते शोधायला ही मंडळी फार कामाची. आणि नसेलच जमत तर सर्जरी बदला, कारण सांगावं लागत नाही.

एक राहिलंच, दिवाळीला किंवा लग्नाला भारतात जायचं असेल तर सहा ते आठ आठवडे आधी नर्सला विचारा. आपलाच देश म्हणून कुणी विचारत नाही, पण दहा वर्षं इथे राहिलेल्या पोटाला तिकडचं पाणी सोसत नाही, आणि इथे जन्मलेल्या मुलांना तर नाहीच. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस एनएचएसवर फुकट आहे. मलेरियाच्या गोळ्या फुकट नाहीत, लागल्या तर फार्मसीतून विकत घ्याव्या लागतात, आणि त्या निघायच्या आधीच सुरू करायच्या असतात, विमानतळावर आठवून उपयोग नाही.